शर्ट कुणी ओढला

३ सप्टेंबर, रविवार

धाकट्या,

तू माझा नंबर ब्लॉक केलास, तुझ्या वहिनीचा केलास, माझ्या डेंटल लॅबचा लँडलाइनसुद्धा केलास. त्या बिचाऱ्या लँडलाइनने तुझं काय घोडं मारलं होतं? पत्र ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही, म्हणून हे पत्र. पत्ता तुझ्या लिफ्ट कंपनीतून काढला. फोनवरच्या बाई म्हणाल्या, "त्यांच्या फॉर्मवर भाऊ लिहिलेला नाही." मी म्हटलं, "रकाना छोटा असेल."

दोन वर्षं झाली. इकडे सगळं जिथल्या तिथे आहे. टायरच्या दुकानावरची आपली खोली, तो टीव्ही, भिंतीवरचा इटलीचा नकाशा. आपल्या फुटबॉल क्लबच्या गावाचं नाव टायरवाल्याला अजून धड उच्चारता येत नाही, पण त्या गावासाठी तो जीव द्यायला तयार असतो. स्वतःचा नव्हे, समोरच्याचा. तुझा ड्रम कोपऱ्यात आहे. औषधवाला त्यावर चहाचे कप ठेवतो.

काल सीझनची पहिली मॅच झाली. आपले हिरवे हरले, तेही अशा टीमकडून, जिच्या गावात म्हणे स्टेडियमपेक्षा चर्च मोठं आहे. शिट्टी वाजली आणि टायरवाला खाली दुकानात उतरला. एक गिऱ्हाईक हवा भरून घेत उभं होतं. अंगात पिवळा शर्ट. त्याच इटालियन गावात दुसरा क्लब आहे, त्याचा रंग पिवळा, आणि त्याचे भक्त नाल्यापलीकडच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जमतात, हे तुला नव्याने सांगायला नको. पण पिवळा रंग जगात त्यांच्या आधीपासून आहे हे टायरवाल्याला कोण सांगणार. त्याने टायर उचकटायची लोखंडी टॉमी घेतली आणि त्या माणसाच्या कानशिलावर घातली. कानाची पाळी सुटून लोंबायला लागली. माणूस मटकन खाली बसला आणि म्हणाला, "अहो, मी रंगाच्या कंपनीत आहे." खिशावर तसं छापलेलंही होतं.

मग आम्ही सगळे खाली धावलो. पाणी पाजलं, औषधवाल्याने पाळी जागेवर धरून पट्टी बांधली, टायरवाल्याने त्याच्या चारी चाकांत हवा भरून दिली. जाताना तो "थँक्यू" म्हणाला. घाबरलेला माणूस किती सभ्य असतो बघ.

मुख्य बातमी ही की आपलं समर्थक मंडळ पुन्हा उभं करायचं घाटतंय. इटलीतल्या कट्टर मंडळींचा नियमच आहे: ज्यांचा बॅनर शत्रूच्या हाती लागला, त्यांनी त्याच दिवशी मंडळ मोडायचं. त्या नियमाने आपण दोन वर्षं मंडळ नाही. नुसतेच बारा लोक एका खोलीत बसून ओरडतो. आता नवा बॅनर येणार. १९ नोव्हेंबरला पिवळ्यांशी मॅच आहे, त्या दिवशी उभारायचा.

तुला जे मारलं ते वाईट झालं. मी मध्ये पडलो होतो, तुला दिसलं नसेल. जबडा आता कसा आहे? समोरचे चार दात बसवलेस का? कुठल्यातरी लॅबने शेड चुकवली असणार, माझी खात्री आहे. तुझ्या दातांचा रंग मला पाठ आहे.

दादा

२४ सप्टेंबर, रविवार

धाकट्या,

तुझं कार्ड मिळालं. इतकं मोठं कार्ड आणि त्यावर एवढासा मजकूर. "तू मध्ये पडलास म्हणतोस. मग मागून माझा शर्ट डोक्यावर ओढला कुणी? एवढंच सांग. बाकी काही लिहू नकोस."

बाकी काही लिहू नको म्हणजे काय? मी काय पोलिसांचा पंचनामा लिहितोय?

बारा जण होतो, धाकट्या. चोवीस हात. त्यातला कुठला हात कुठे गेला हे कोण सांगणार. मला जे आठवतं ते लिहितो.

हाफटाइम झाला होता, शून्य-शून्य. तुझ्यापुढे ती पत्र्याची पेटी, पेटीत बॅनर. तो दुसऱ्या हाफच्या आधी उघडायचा नाही, हा आपलाच शहाणपणा. एकदा आधी उघडला आणि चार गोल खाल्ले, तेव्हापासून. त्यामुळे पेटीत काय आहे हे सकाळपासून कुणी बघितलंच नव्हतं. तू किल्ली काढलीस आणि सगळ्यांचे फोन एकदम वाजले. फोटो एकच. ड्रायव्हिंग स्कूलचा हॉल, भिंतीवर 'डावीकडे वळताना' असा तक्ता, आणि त्याच्याखाली आपला बॅनर उलटा टांगलेला. पुढे पिवळ्यांची रांग आणि मधोमध त्यांचा म्होरक्या, ड्रायव्हिंग मास्तर, लग्नातल्या नवरदेवासारखा.

तुझ्या वहिनीने आठ रात्री जागून शिवलेला वीस फुटी बॅनर.

खालच्या कॉम्प्रेसरचा आवाज ऐकू यायला लागला. टायरवाल्याने तुझ्या हातातून किल्ली घेतली आणि पेटी उघडली. आत घडी घातलेला एक जुना पडदा.

"पेटी कुणाच्या घरी असते?" तो म्हणाला.

"माझ्या," तू म्हणालास.

"किल्ली?"

"माझ्याकडे."

"आणि मास्तर तुझ्या बायकोचा कोण?"

"सख्खा मामा आहे. मग? मामा आहे म्हणून मी बॅनर देईन?"

तू पटकन खाली निघालास, अंगणात पोचलासही. तिथे रिमांच्या ढिगाऱ्यापाशी सगळ्यांनी गाठलं. तू वळून उभा राहिलास, तोंड त्यांच्याकडे. मग शर्ट डोक्यावरून गेला, हात त्यात अडकले, आणि पहिला फटका टायरवाल्याचा, टॉमीचा, जबड्यावर. आवाज कसा आला सांगू? मी रोज प्लास्टरचे साचे फोडतो. तसाच. मग बुटांचा पाऊस. औषधवाला, ज्याला ब्लड प्रेशर आहे आणि जो जिना चढताना दोनदा थांबतो, तो तुझ्या बरगड्यांवर दोन्ही पायांनी उडी मारत होता. तुझ्या हिरव्या शर्टावर छातीशी रक्ताचा डाग पसरत गेला. आत तू काहीतरी म्हणत होतास. कापडातून कळत नव्हतं.

दुसरा हाफ सुरू झाल्याचा आवाज वरून आला तेव्हा सगळे थांबले. मी तुला रिक्षात घातलं. हे तरी आठवतं ना तुला?

दादा

८ ऑक्टोबर, रविवार

धाकट्या,

दुसरं कार्ड मिळालं. आता तर एकच शब्द. "कुणी?" पोस्टाचा हा अपव्यय तुझ्या लिफ्ट कंपनीच्या पगारात परवडतो का?

तुला एक सांगतो, म्हणजे तुझं समाधान होईल. तू बॅनर दिला नाहीस, हे मला माहीत आहे. तेव्हाही माहीत होतं.

बॅनर मी घेतला होता.

लगेच पत्र फाडू नकोस, पुढे वाच. क्लबच्या इटलीतल्या वेबसाइटवर आवाहन आलं होतं. परदेशातल्या समर्थकांनी आपल्या बॅनरसोबत फोटो पाठवावा, खाली मंडळाच्या संस्थापकाचं नाव छापू. संस्थापक तू. ड्रम तुझा, घोषणा तुझ्या, पेटी तुझी. आणि मी कोण? 'धाकट्याचा दादा.' एक्कावन्न वर्षांचा माणूस, स्वतःची डेंटल लॅब, अर्ध्या शहराच्या तोंडात माझ्या हातचे दात, आणि ओळख काय, तर धाकट्याचा दादा. मला फक्त एक फोटो हवा होता. खाली माझं नाव.

शुक्रवारी तू ड्यूटीवर असताना तुझ्या घरी आलो. तुझ्या बायकोने केलेला चहा प्यालो. "जरा पेटीला तेल घालतो, बिजागरी कुरकुरतेय," म्हटलं. पेटीची दुसरी किल्ली तूच मला दिली होतीस, 'दादाकडे असू दे' म्हणून. बॅनर लॅबच्या पिशवीत घातला. वजन सारखं राहावं म्हणून आत पडदा ठेवला. माझ्या घरचा.

लॅबच्या गॅलरीच्या कठड्याला बॅनर बांधला. फोटो रस्त्यापलीकडून घ्यायचा होता, म्हणून खाली उतरणार तोच दात भाजायच्या फर्नेसने पीप केलं. आत सहा दातांचा पोर्सेलिनचा ब्रिज होता. शेवटच्या मिनिटांत नजर हलवली की चीर जाते. मी आत गेलो. फार तर दहा मिनिटं. परत आलो तर कठड्याला कापलेल्या दोऱ्या.

रविवार सकाळपर्यंत वाटत होतं, कुणा भंगारवाल्याने नेला असेल. हाफटाइमला फोटो आला तेव्हा कळलं. मी तेव्हाच बोलणार होतो. पण टायरवाला पेटीपाशी वाकला होता आणि टॉमी त्याच्या हाताशी होती.

ब्रिज मात्र एक नंबर झाला होता. चीर नाही की काही नाही.

झालं समाधान? आता तो शर्टाचा विषय सोड.

दादा

२९ ऑक्टोबर, रविवार

धाकट्या,

तिसरं कार्ड आलं. कोरं. समजलो मी, कोरं कशासाठी ते.

आधी इकडची हकीकत ऐक. मागच्या शनिवारी नाल्याच्या पुलावर पिवळ्यांची आणि आपली गाठ पडली. कारण विचारशील तर त्यांनी इटलीत पेनल्टी ढापली होती. इटलीतल्या पंचाने चूक केली की इथल्या पुलावर न्याय होतो, अशी आपल्याकडे व्यवस्था आहे. दोन्हीकडचे मिळून पंचवीसेक जण, सरासरी वय पंचेचाळीस. तीन जणांचे चष्मे आधीच खिशात ठेवलेले. औषधवाल्याने सायकलची चेन आणली होती, ती पहिल्याच फिरकीला त्याच्याच दंडावर गुंडाळली गेली. एका पिवळ्याला कठड्यावरून लटकवलं तेव्हा तो ओरडत होता, "अरे, पाठीला बेल्ट आहे माझ्या, बेल्ट." टायरवाल्याने त्याच्या बोटांवर बूट ठेवला. तो खाली चिखलात पडला. पाय गुडघ्याखाली वेगळ्याच दिशेला. मग पिवळ्यांनी आपल्या प्लंबरच्या डोक्यात वीट घातली. रक्त डोळ्यांत गेल्यामुळे त्याने दोन फटके आपल्याच माणसांना मारले.

आणि मी? माझ्यासमोर एक टक्कल पडलेला गृहस्थ आला. तोंड उघडून काहीतरी म्हणत होता. मी उघड्या तोंडावर ठोसा घातला. दोन दात माझ्या बोटाच्या सांध्यात रुतले, तो भाग अजून सुजलेला आहे.

पुढचं ऐकून हसशील. सोमवारी डेंटिस्टकडून नवं माप आलं. वरचे समोरचे दोन, 'अपघातात पडले.' ट्रे हातात घेतल्या घेतल्या ओळखलं मी. ती दाढ, तो वाकडा सुळा, सगळं शनिवारी जवळून पाहिलेलं. मी त्याचे दात बनवले. जीव ओतून बनवले. डेंटिस्ट म्हणाला, पेशंट फार खूश आहे.

मंडळाचं ठरलं. १९ तारखेला मॅचच्या आधी नवा बॅनर. तो सांभाळायचा मान माझा. आणि त्याआधी जिन्याच्या पहिल्या पायरीवर तुझा फोटो ठेवायचा, प्रत्येकाने त्यावर पाय देऊन वर जायचं. दर वर्षी. गद्दाराची आठवण म्हणून. फोटो घरून आणायचं काम माझ्याकडे आलंय.

मी टायरवाल्याला बाजूला घेतलं आणि खरं सांगितलं. बॅनर मी नेला होता, धाकट्याने नव्हे. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. डोळ्यांत पाणी.

"रक्ताची माया असते," म्हणाला. "पण त्याच्यासाठी खोटं बोलू नकोस. त्या दिवशी तू जे केलंस, ते दुसऱ्या कुणाच्या भावाने केलं नसतं. आम्ही विसरलेलो नाही."

घरी येऊन जेवलो नाही.

दादा

१२ नोव्हेंबर, रविवार

धाकट्या,

कार्ड आलं नाही. न आलेलं कार्ड वाचायला जास्त वेळ लागतो, हे आज कळलं.

मी पिवळ्यांच्या हॉलवर गेलो होतो. एकटा. दिवसाढवळ्या, अकरा वाजता, म्हणजे शिकाऊ गाड्या बाहेर असतात आणि मास्तर एकटा असतो. दारात त्याचा क्लच शिकवणारा माणूस उभा होता. त्याने मला ओळखलं, आत घेतलं आणि दार लावून पोटात एक गुद्दा दिला. मग पाठीत. मी खुर्च्यांवर पडलो.

मास्तर टेबलामागून म्हणाला, "बस झालं. दातवाल्याला बोलू दे."

मी जमिनीवरूनच बोललो. विचारलं, बॅनर तुमच्याकडे आला कसा?

"तुझ्या गॅलरीतून," तो म्हणाला. "ह्यानेच कापला. चालत्या गाडीतून दिसला, शिकाऊ बाईंना ब्रेक मारायला सांगितलं. त्या बाईंचा तो पहिलाच नीट लागलेला ब्रेक."

"मग माझ्या भावावर आळ आला तेव्हा बोलला का नाहीत? तो तुमचा जावई लागतो."

मास्तरने चष्मा पुसला. "भाचीने फोन करून सगळं सांगितलं. ती रडत होती, तेव्हा मला वाईट वाटलं. पण खरं सांगू? तुम्ही एकमेकांनाच फोडताय हे ऐकून आमच्या मंडळाचं जे मनोरंजन झालं, ते त्या वर्षी आमच्या टीमने केलं नाही."

त्याने फोनमधून एक फोटो काढून माझ्या फोनवर पाठवला. दोऱ्या कापण्याआधी, आठवण म्हणून त्याच्या माणसाने घेतलेला. गॅलरी, माझ्या लॅबची पाटी, पाटीवर माझं नाव, आणि कठड्यावर अख्खा बॅनर. वर तारीख, वेळ. मला दोन वर्षांपूर्वी हवा होता तसाच फोटो, धाकट्या. बॅनरही नीट, नावही नीट.

"हा घेऊन काय करणार?" मास्तरने विचारलं.

"आमच्या लोकांना दाखवणार."

"तुला मारतील."

"हो."

"ठीक आहे," तो म्हणाला. "आमचीही त्याच वेळी मॅच आहे, नाहीतर बघायला आलो असतो."

येत्या रविवारी दाखवतो. मग तुझं नाव साफ. मग तरी तू येशील. तुझ्या प्रश्नाचं म्हणशील तर त्या गर्दीत मला खरंच दिसलं नाही.

दादा

२३ नोव्हेंबर, गुरुवार

धाकट्या,

अक्षर तुझ्या वहिनीचं आहे. मी बोलतो, ती लिहिते. माझ्या उजव्या हाताची तीन बोटं मोडली आहेत, मनगटापर्यंत प्लास्टर.

रविवारी मॅचच्या अर्धा तास आधी खोलीवर गेलो. तुझा फोटो नेला नाही. फोनमधला फोटो टायरवाल्याला दाखवला. त्याने तो मोठा करून पाटी वाचली, तारीख वाचली. मग फोन औषधवाल्याला दिला. असा फोन शेवटच्या माणसापर्यंत गेला आणि परत माझ्या हातात आला. कुणी फोडला नाही, फेकला नाही. इतकी शिस्त मी त्या खोलीत पहिल्यांदा पाहिली.

टायरवाला म्हणाला, "खाली चल."

अंगणात त्यांनी माझा हात रिमवर ठेवायला लावला. मीच ठेवला. टॉमी एकदा पडली तेव्हा दोन बोटं गेली, दुसऱ्यांदा एक. मग गुडघा. प्लंबर, ज्याच्या डोक्याला अजून टाके होते, तो पोटात लाथा घालताना दर लाथेला "धाकटा आमचा, धाकटा आमचा," म्हणत होता. दोन वर्षांपूर्वी त्याच बुटाने त्याने तुझी बरगडी मोडली. औषधवाला रडत होता आणि मारत होता. मी शर्टाची कॉलर दातात धरली होती.

वर मॅच सुरू झाल्याचा आवाज आला आणि सगळे गेले. मी जिन्याच्या पायथ्याशी पडलो होतो. एक डोळा बंद. बाविसाव्या मिनिटाला आपला गोल झाला. वर एकच कल्ला. आणि मी, फुटलेल्या तोंडाने, खाली एकटा ओरडलो. आवाज निघाला नाही, रक्त निघालं, पण ओरडलो.

आता तुझं नाव साफ झालं. टायरवाला म्हणतो, धाकट्याला बोलाव, मंडळ त्याचंच आहे. आणि तुझ्या त्या प्रश्नाचं म्हणशील, तर गर्दीत कुणाचा हात होता ते

भाऊजी, मी वहिनी. हे वाक्य मी अर्धं सोडलंय. पूर्ण लिहायला सांगत होते, मी पेन खाली ठेवलं.

माझ्या खोलीचा पडदा दोन वर्षं सापडत नव्हता. धोब्याला बोल लावला, कामवालीला बोल लावला. तो तुमच्या पेटीत निघाला होता, हे मला आज कळलं, तेही त्यांची जुनी पत्रं नीट लावताना. ते प्रत्येक पत्राची प्रत ठेवतात. स्वतःच्या पत्रांवर त्यांचा फार जीव.

मी त्यांना म्हटलं, "तुम्हाला खोलीत गेल्यावर टीव्हीसमोरची पहिली खुर्ची कधीपासून मिळते?"

"दोन वर्षं."

"का मिळते?"

मी चहा करून आणला, नळीने पाजला. आता सांगतायत, जसं सांगतायत तसं लिहिते.

तू वळून उभा राहिलास. तोंड त्यांच्याकडे, पाठ माझ्याकडे. म्हणालास, "दादा, मागची बाजू सांभाळ." बाकीची अकराच्या अकरा माणसं माझ्याकडे बघायला लागली. त्यांच्या नजरेत एकच प्रश्न होता, हा कुणाच्या बाजूचा. मला वाटलं, आत्ता हा प्रश्न सुटला नाही तर पुढचा प्रश्न येईल, पेटीची दुसरी किल्ली कुणाकडे असते. मी तुझा शर्ट मागून धरला आणि डोक्यावर ओढला. दोन्ही हातांनी. तो सुटू नये म्हणून पिळून धरला, सगळं संपेपर्यंत. टॉमीचे फटके माझ्या मुठींपर्यंत जाणवत होते. तू आतून काय म्हणत होतास ते कळत नव्हतं असं मी लिहिलं. कळत होतं. तू मलाच हाका मारत होतास.

बाकी सगळ्यांनी हे पाहिलेलं आहे. माहीत नव्हतं ते तुला एकट्याला.

एवढंच सांगितलं. "ये" असं लिही म्हणाले. मी ते लिहिणार नाही. यायचं की नाही ते तुम्ही ठरवा, आणि आलात तर माझ्याकडे या, खोलीवर नाही.

पत्र इथे बंद करते. ते अजून बोलतायत, पण आता विषय दुसऱ्या हाफचा आहे.

वहिनी